जाते म्हणायचं

आमच्याकडे कुणी ‘जाते’ म्हणत नाही. चपला घालताना ‘येते’ म्हणायचं आणि आतून ‘ये’ असं उत्तर यायचं. आजीच्या घरी कुणी चुकून ‘जातो’ म्हणालं, तर त्याला पुन्हा आत बोलावून घटकाभर बसवायची, हातावर साखर ठेवायची आणि मगच सोडायची. हा शब्द माझ्या तोंडात मुरलेला. म्हणूनच २०१८च्या सप्टेंबरमध्ये, लखनऊच्या इंदिरा नगरातल्या एका बालगृहातून पहिल्या रविवारी निघताना मी सहज हिंदीत म्हणून गेले, “अच्छा, आती हूँ.”

हिंदीत याचा अर्थ ‘आलेच’ असा होतो. निघताना तिथे ‘चलती हूँ’ म्हणतात. हे मला माहीत नव्हतं असं नाही, पण बोलताना जीभ सवयीने वळली. पुढच्या रविवारी गेले तेव्हा फाटक उघडणाऱ्या बाईंनी मला तिथेच थांबवलं. मुलं त्यांना अम्मा म्हणत. “मैडम जी, बच्चों से ‘आती हूँ’ मत कहा कीजिए.” पाच-साडेपाच वर्षांचा एक मुलगा मागच्या रविवारी फाटकाशी बसून राहिला होता. ताटं वाढली तरी उठला नाही. “आंटी आ रही हैं, बोल के गई हैं,” एवढंच म्हणत होता. तीन वाजता अम्मांनी त्याला उचलून आत नेलं. तोवर वरण-भात गार झाला होता. त्याने तो खाल्ला नाही.

त्या दिवशी मी त्याच्याशी काय बोलले ते आता आठवत नाही. तो माझ्याजवळ आला नाही, एवढं आठवतं.

मी बँकेत अधिकारी. लखनऊला बदली झाली तेव्हा मुलगा इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होता, नवरा साताऱ्यात त्याच्या नोकरीत. एकटीच गेले. शाखा हजरतगंजकडे, आणि राहायला इंदिरा नगरात एका घराच्या वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्या. घरमालकांनी पहिल्याच दिवशी पत्ता पाठ करून घेतला, कारण तिथे नुसतं इंदिरा नगर सांगून भागत नाही. आधी सेक्टर किंवा ब्लॉक, मग घराचा आकडा, आणि जोडीला भूतनाथ बाजारापासून किंवा मुंशी पुलियापासून किती लांब तेही सांगावं लागतं. मेट्रो अजून आमच्यापर्यंत आली नव्हती, ती मार्च २०१९मध्ये आली. तोवर फैजाबाद रोडची धूळ अंगावर घेत टेम्पोने जायचं-यायचं. रविवार तेवढा रिकामा असायचा, आणि परक्या गावात एकट्या बाईचा रविवार फार लांब असतो. पुष्कळ जण विचारतात की या कामाची ओढ कुठून आली, म्हणून आधीच सांगते. मला माणसं हवी होती. मुलांना माझी गरज आहे का, हा प्रश्न मी तेव्हा स्वतःला विचारलाही नव्हता.

संस्थेने मात्र विचारला. ओळखपत्र, पोलीस पडताळणी, डॉक्टरांचा दाखला, आणि मग अधीक्षिकांचा प्रश्न: “किती दिवस येणार?” तीन वर्षं, मी म्हणाले, बदली तेवढ्याचीच असते. त्यांनी ते लिहून घेतलं. रविवारी दहा ते साडेबारा. मोबाइल फाटकाशी ठेवायचा. मुलांची ओळख बाहेर जाता कामा नये, बालन्याय कायद्याच्या कलम ७४ने तशी बंदीच आहे. म्हणून इथे कुणाचंही नाव लिहीत नाही, काही खुणाही बदलल्या आहेत.

मी गेले होते ती ‘अनाथाश्रम’ हा शब्द मनात घेऊन. आपल्याकडे तो शब्द शाळेच्या पुस्तकापासून भेटतो. जोतीराव-सावित्रीबाईंचं १८६३चं बालहत्या प्रतिबंधक गृह, कर्व्यांचा १८९६चा अनाथ बालिकाश्रम. ज्यांना कुणीच नाही त्यांचं घर, असं चित्र डोळ्यांपुढे असतं. त्या दुमजली इमारतीत दहा वर्षांपर्यंतची तीसेक मुलं-मुली होती, आणि त्यांतल्या बऱ्याच जणांना कुणी ना कुणी होतं. कुणी चारबाग स्टेशनावर गर्दीत हात सुटून हरवलेला. कुणाची आई मनाने आजारी, बाप तुरुंगात. कुणाला आजी होती, पण आजीला स्वतःचंच होत नव्हतं. प्रत्येकाची फाइल बाल कल्याण समितीपुढे असायची. एक अध्यक्ष आणि चार सदस्य ठरवणार की मूल आईबापांकडे परत जाईल, नातेवाइकांकडे जाईल, दत्तक जाईल की दुसऱ्या बालगृहात जाईल. म्हणजे तिथे आलेलं प्रत्येक मूल जाण्यासाठीच आलेलं. राहायला तिथे कुणीच येत नाही. हे समजायला मला दीड वर्ष लागलं.

पहिली चूक शब्दाची होती, दुसरीही शब्दाचीच. सगळ्या पाहुण्या बायकांना मुलं ‘आंटी’ म्हणायची. मला तो शब्द परका वाटला, म्हणून मी त्यांना ‘मावशी’ म्हणायला शिकवलं. त्यांच्या तोंडून ते ‘मौशी’ व्हायचं आणि मला फार आवडायचं. आठवड्याच्या अडीच तासांसाठी मी आईच्या बहिणीची जागा मागून घेतली होती. आज पुन्हा सुरुवात करायची वेळ आली तर मी ‘आंटी’वरच थांबेन.

गोष्टी वाचायच्या, पाढे म्हणायचे, कागदाच्या होड्या करायच्या, हे सगळं झालं. पण मुलांना खरोखर आवडली ती बटणांची बँक. अमीनाबादेतून मी रंगीबेरंगी बटणांची मोठी पिशवी आणली आणि वहीचे कागद दुमडून, दोऱ्याने शिवून प्रत्येकाचं पासबुक केलं. तारीख, तपशील, जमा, शिल्लक. तपशिलाच्या रकान्यात त्या दिवशी मुलाने काय केलं ते लिहायचं: ‘बुटाची नाडी स्वतः बांधली’, ‘छोट्या बाळाला झोका दिला’, ‘रडू आलं तरी सांगितलं’. जमा दोन बटणं, शिल्लक अकरा. बँकेत आयुष्य घालवलेल्या बाईला याहून वेगळं काय सुचणार होतं! पण या मुलांकडे स्वतःच्या नावाची वस्तू फार थोडी असते. कपडे येतात ते सगळ्यांचे, खेळणी सगळ्यांची, वाढदिवससुद्धा कागदावरचा. आपल्याकडे जुन्या पिढीत मास्तरांनी १ जून लावलेली माणसं घरोघरी आहेत, उत्तर प्रदेशात तशी १ जुलैची असतात. आमच्याकडे त्या तारखेची सहा मुलं होती. पासबुक मात्र ज्याचं त्याचं. एक मुलगी ते रात्री उशीखाली ठेवायची.

फाटकाशी बसलेला तो मुलगा तिसऱ्या महिन्यात खातेदार झाला. हळूहळू माझ्याजवळ बसू लागला. तो हरवलेला होता. गावाचं नाव येत नव्हतं, घरापुढून कालवा जातो एवढंच सांगायचा. एका रविवारी गेले तर तो नव्हता. बाराबंकीकडच्या एका खेड्यातून त्याची आजी बुधवारी त्याला घेऊन गेली होती. पोलिसांनी पत्ता काढला, समितीने कागद पाहिले, आदेश झाला, मूल गेलं. समितीचं कामकाज माझ्या रविवारांच्या हिशेबाने चालत नाही.

“मला विचारलं का त्याने?” मी अम्मांना विचारलं. त्यांनी सांगितलं, नाही. आजीला पाहिलं आणि तिच्या कमरेला मिठी मारली, ती सोडलीच नाही. “पीछे मुड़ के देखा भी नहीं. अच्छा हुआ.” मला वाईट वाटलं, हे लपवत नाही. घरी येऊन रडलेही. डब्यात त्याची त्रेचाळीस बटणं शिल्लक होती. ती बटणं पाहून रडता रडताच ध्यानात आलं की मी त्याच्यासाठी रडत नाहीये. त्याला तर त्याचं माणूस मिळालं होतं. मागे वळून पाहावं असं काही मागे उरलं नाही, याहून चांगलं त्याच्या बाबतीत काय घडायला हवं होतं?

त्यानंतर नियम केला. जाणाऱ्या मुलाचं खातं बंद करून द्यायचं. मी नसले तर अम्मांनी. बटणं मोजायची, पासबुकावर ‘खाता बंद, पूरा हिसाब दिया’ असं लिहायचं, मुलाचा अंगठा घ्यायचा, पिशवी आणि पासबुक त्याच्या सामानात ठेवायचं. या नियमामुळे एक गोष्ट आपोआप झाली. मूल जाणार हे बाकीच्या मुलांना कळू लागलं. पूर्वी पुष्कळदा मूल शाळेच्या वेळेत नेलं जाई, बाकीच्यांनी रडू नये म्हणून. दुपारी मुलं परतली की एक पलंग रिकामा. मग रात्री दोघे-तिघे अंथरूण ओलं करत. आता बटणं मोजायला सगळी गोल करून बसायची. रडणं व्हायचं, पण ते ज्याच्यासाठी रडायचं त्याच्या देखत व्हायचं.

२०१९च्या हिवाळ्यात, धुकं उतरलेल्या एका सकाळी संस्थेने मुलांची सहल कुकरैलला नेली. इंदिरा नगराला लागूनच हे जंगल आहे, आणि तिथे १९७८पासून घडियालांचं संवर्धन केंद्र चालतं. नदीकाठची अंडी आणून उबवायची, पिल्लं टाक्यांमध्ये वाढवायची आणि पुरेशी मोठी झाली की चंबळसारख्या नद्यांत सोडायची. लांब सोंडेसारख्या तोंडाची पिल्लं काठावर एकमेकांवर चढून निपचित पडली होती. तिथला माणूस समजावून सांगत होता. सात वर्षांच्या एका मुलीने विचारलं, यांची आई कुठे आहे? नदीत. मग यांना न्यायला कोण येतं? कुणी येत नाही, आम्हीच नेऊन सोडतो. तिने बराच वेळ विचार केला आणि विचारलं, “सबको एक साथ?” हो, बरीच पिल्लं एकत्र सोडतो. “तब ठीक है,” ती म्हणाली.

तिला एक मोठा भाऊ होता. त्याला दहा पूर्ण व्हायला चार महिने उरले होते. दहानंतर मुलगे एका बालगृहात जातात, मुली दुसऱ्यात. भावंडांना एकत्र ठेवावं असं सगळ्यांनाच वाटतं, पण इमारती तशा नसतात. अधीक्षिकांनी त्याच्यासाठी खूप खटपट केली. शेवटी एवढंच हाती लागलं की महिन्यातून एकदा दोघांची भेट घडवायची. तो गेला तेव्हा त्याने आपली सगळी बटणं बहिणीच्या खात्यावर जमा करायला सांगितली. तपशिलाच्या रकान्यात काय लिहू, असं मी त्याला विचारलं. म्हणाला, “लिख दीजिए, भैया ने दिया.” मी बँकेत लाखोंच्या नोंदी केल्या आहेत. ती नोंद करताना हात थांबला होता.

सुट्टीच्या दिवसांत कॉलेजची मुलं यायची, महिन्याभराच्या कामाचं प्रमाणपत्र हवं असायचं. चांगली मुलं होती, जीव लावणारी. लहानगी धावत जाऊन त्यांच्या गळ्यात पडायची, पहिल्याच दिवशी कडेवर चढायची. मीही सुरुवातीला याला प्रेमळपणा समजत होते. संस्थेत येणाऱ्या समुपदेशक बाईंनी माझा गैरसमज दूर केला. ज्या मुलाला आपलं माणूस आहे ते मूल अनोळखी माणसापुढे आईच्या पदराआड लपतं. कुणाच्याही गळ्यात पडणारं मूल म्हणजे ज्याची लपायची जागा हरवली आहे असं मूल. येणारा प्रत्येक जण महिन्याभराने जातो, आणि दर वेळी मूल थोडं शिकतं की कुणावर फार विसंबू नये. कैसरबागेतल्या भातखंडे संगीत संस्थेत शिकणारी एक मुलगी बुधवारी गाणं शिकवायला यायची. आपल्या विष्णू नारायण भातखंड्यांच्या पुढाकाराने १९२६मध्ये सुरू झालेली ती संस्था, म्हणून मला त्या मुलीचं विशेष कौतुक. गळाही सुरेख. परीक्षा झाल्यावर ती आलीच नाही. मुलांचं रडणं मला बघवणार नाही, असं तिने फोनवर सांगितलं. पुढचे चार-पाच बुधवार मुलं सतरंजी अंथरून बसत होती.

तिला मी दोष देत नाही. न सांगता निघून जाणं हे मऊ मनाच्या माणसांकडूनच जास्त होतं.

आणि मीही तेच केलं, परिस्थितीने का होईना. १५ मार्च २०२०चा रविवार. होळी नुकतीच झाली होती, मुलांच्या कानामागे हिरवा-गुलाबी रंग अजून होता. निघताना मी नीट सांगितलं, “अगले इतवार को आऊँगी.” पुढचा रविवार २२ मार्च होता, जनता कर्फ्यूचा. त्यानंतर टाळेबंदी. बालगृहाचं फाटक बाहेरच्यांसाठी बंद झालं. बँक मात्र चालू होती. जनधन खात्यांत आलेले पाचशे रुपये काढायला बायका उन्हात रांगा लावून उभ्या असायच्या, आणि आम्ही खडूने आखलेल्या चौकोनांत त्यांना उभं करत होतो. त्या महिन्यांत मला मुलांची आठवण रात्री यायची. अधीक्षिकांच्या फोनवरून अधूनमधून व्हिडिओवर बोलणं व्हायचं. एका छोटीने फोन उलटा करून पाहिला, मी मागे आहे का म्हणून.

२०२१च्या फेब्रुवारीत आत जायला मिळालं. अकरा मुलं गेली होती, नवी आली होती. पासबुक उशीखाली ठेवणारी मुलगी होती. मी हाक मारली, तिने पाहिलं, आणि पाठ फिरवून ती भिंतीवरचा पोपडा नखाने काढत राहिली. चिडली असती, रडली असती तर बरं वाटलं असतं. नंतर मला जेम्स रॉबर्टसनच्या १९५२च्या माहितीपटाबद्दल कळलं. आठ दिवस इस्पितळात एकटी राहिलेली दोन वर्षांची मुलगी त्यात आहे. तिचं रडणं कमी होत जातं आणि घरी जायच्या वेळी ती आईचा हात धरत नाही. इस्पितळातल्या मोठ्यांना वाटे, मूल शांत झालं म्हणजे रुळलं. मीही तसंच समजले असते. त्या मुलीला पुन्हा माझ्याजवळ बसायला जवळजवळ दोन महिने लागले, आणि तेवढ्यात एप्रिल आला, दुसरी लाट आली, फाटक पुन्हा बंद झालं. त्या एप्रिलबद्दल मी इथे लिहिणार नाही. लखनऊमध्ये जे होते त्यांना तो माहीत आहे.

आता अम्मांबद्दल. त्या साठीच्या आसपासच्या, बाराबंकीकडच्याच, पंचवीसेक वर्षं हेच काम करणाऱ्या. पगार तुटपुंजा. मी आठवड्यातून अडीच तास जायची आणि लोक माझं कौतुक करायचे. त्या रात्री तापलेल्या मुलाशेजारी जमिनीवर झोपायच्या, आणि त्यांचं नाव कुठल्याही कार्यक्रमात कुणी घेतलेलं मी ऐकलं नाही. निरोप कसा द्यावा हे मी त्यांच्याकडून शिकले.

२०२२च्या शेवटी चार वर्षांची एक मुलगी दत्तक गेली. सात महिन्यांची असताना ती आली होती आणि तेव्हापासून अम्मांच्याच अंगावर वाढली होती. दत्तकाची प्रक्रिया आता केंद्रीय संगणक प्रणालीतून चालते. आईवडील नोंदणी करतात, गृहभेटीचा अहवाल होतो, क्रमाने मूल सुचवलं जातं. शेवटचा आदेश पूर्वी न्यायालय देई, त्या वर्षीच्या सप्टेंबरपासून तो जिल्हाधिकारी देऊ लागले. हे सगळं कागदांवर चालू असताना अम्मांनी आपलं काम सुरू केलं होतं. नव्या आईवडिलांनी फोटोंचा अल्बम पाठवला होता. त्या रोज झोपताना तो उघडायच्या. ही मम्मी, हे पापा, ही तुझी खोली, हा कुत्रा, याला घाबरायचं नाही. नवं घर दक्षिणेत होतं, तिथे सकाळी इडली असते म्हणून स्वयंपाकघरात कुठूनतरी इडलीपात्र मागून आणलं आणि पंधरा दिवस तिला इडली खाऊ घातली. ते दाम्पत्य तीन दिवस रोज येत होतं. पहिल्या दिवशी अम्मा मुलीला घेऊन जवळ बसल्या, दुसऱ्या दिवशी दाराशी, तिसऱ्या दिवशी खोलीबाहेर.

जायच्या सकाळी त्यांनी तिच्या डोक्याला तेल लावलं, वेण्या घातल्या, कानामागे काजळाची तीट लावली. स्वतःची एक जुनी ओढणी न धुता पिशवीत ठेवली. मी विचारलं, धुतली नाही? “धो देंगे तो हमारी महक चली जाएगी. दो-चार रात काम आएगी.” मग तिला समोर उभं करून, दोन्ही खांदे धरून, अगदी सावकाश सांगितलं: “अब तुम अपने घर जा रही हो. हम नहीं आएँगे. हम यहीं हैं, ठीक हैं.”

हम नहीं आएँगे. त्या खोलीत आम्ही चार-पाच बायका होतो, त्या वाक्याने सगळ्यांचे डोळे भरले. अम्मांचे नाही. मुलगी खूप रडली, ती अम्मांसाठी. माझं नाव तिच्या तोंडी एकदाही आलं नाही, आणि ते तसंच असायला हवं होतं. गाडी वळल्यावर अम्मा स्वयंपाकघरात गेल्या आणि कणीक मळायला बसल्या. बराच वेळ मळत होत्या. मी शेजारी जाऊन बसले. असे किती निरोप दिले, असं विचारलं. म्हणाल्या, गिनती नहीं की. थोड्या वेळाने म्हणाल्या, पहिल्या मुलाच्या वेळी लपून बसले होते, त्याला वाटलं असेल अम्मा मेली. त्यानंतर कधी लपले नाही.

तीन वर्षांची बदली करोनामुळे पाच वर्षांची झाली होती. मे २०२३मध्ये हुकूम आला, कोल्हापूर. ज्येष्ठ महिना होता. लखनऊमध्ये ज्येष्ठातले मंगळवार ‘बड़ा मंगल’ म्हणून साजरे होतात. रस्तोरस्ती मांडव, पुरी-भाजी, बुंदी, थंड सरबत, येईल त्याला हाताला धरून देतात. एरवी आमची मुलं घेणाऱ्यांच्या रांगेत असत. कुणाचा वाढदिवस, कुणाचं श्राद्ध, की मुलांनी ओळीने बसायचं, केक किंवा जेवण घ्यायचं, धन्यवाद म्हणायचं. अधीक्षिकांनी दर वर्षी एका मंगळवारी फाटकाबाहेर सरबताचं टेबल मांडायची पद्धत ठेवली होती. मुलांनी जाणाऱ्या-येणाऱ्यांना थांबवून पेले द्यायचे. त्या मंगळवारी मी रजा घेतली. रिक्षावाल्याला, पोस्टमनला, उन्हाने लाल झालेल्या शाळकरी मुलांना आमची पोरं “लीजिए, और लीजिए” म्हणत होती. देताना त्यांच्या माना वेगळ्याच दिसत होत्या.

त्याच दिवसांत मैत्रिणीच्या मुलीचा फोन आला. पुण्यातून ती दोन आठवड्यांसाठी नेपाळला, तिथल्या अनाथालयात काम करायला जाणार होती, पैसे भरून. माझा सल्ला हवा होता. मी तिला जे घडलं ते सगळं सांगितलं. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने डिसेंबर २०१९च्या ठरावात अशा पर्यटनाच्या धोक्याकडे लक्ष वेधलं आहे, तेही सांगितलं. नेपाळ, कंबोडियात पाहुण्यांच्या पैशांसाठी आईबाप असलेली मुलं गोळा करून ठेवल्याची प्रकरणं बाहेर आली आहेत. शिवाय चौदा दिवसांत मूल ओळख करतं, आणि पंधराव्या दिवशी त्याला तुझ्या जाण्याचा अर्थ लावत बसावं लागतं. ती थोडी दुखावली. मग विचारलं, मग मी काय करू? म्हटलं, तुझ्या गावातल्या बालगृहात आयांच्या हाताखाली काम कर. भांडी, कपडे, कपाटं. त्यांचे दोन तास वाचव, ते त्या मुलांना देतील. मला हे पाच वर्षांपूर्वी कुणी सांगितलं असतं तर मी ऐकलं असतं का, माहीत नाही.

माझ्या जाण्याला सहा रविवार होते. पहिल्याच रविवारी सांगितलं. भिंतीवर सहा चौकोन आखले, दर वेळी एक रंगवायचा. नकाशा लावला. लखनऊहून पुष्पक एक्सप्रेस मुंबईला जाते, एक दिवस आणि एक रात्र, तिथून पुढे कोल्हापूर. बोट फिरवून सगळ्यांनी पाहिलं. “फिर कब आओगी?” हा प्रश्न दर रविवारी आला, आणि दर वेळी मला ‘दिवाळीत’ म्हणावंसं वाटलं. म्हणाले नाही. रविवारी मी येणार नाही, एवढंच सांगत राहिले. ते तोंडातून काढायला त्रास व्हायचा, घशात काहीतरी अडकल्यासारखं.

शेवटच्या रविवारी सगळी खाती मोजली. बंद केली नाहीत, अम्मांच्या हवाली केली, कारण जाणारी मी होते, मुलं नव्हे. डबा, बटणांची पिशवी, शिवलेली कोरी पासबुकं. अम्मांना लिहिता येत नव्हतं, पण नऊ वर्षांच्या एका मुलीने तपशील लिहायचं काम आधीच मागून घेतलं होतं. तिने पहिली नोंद माझ्यासमोर केली, एका लहान मुलाच्या पासबुकात: ‘आज रोया नहीं’. मी म्हटलं, रडला असता तरी चाललं असतं, तेही लिहायचं. तिने खोडून लिहिलं, ‘आज थोड़ा रोया’. दोन बटणं जमा.

साडेबारा वाजले. आतून वरणाच्या फोडणीचा वास येत होता. पासबुक उशीखाली ठेवणारी मुलगी केव्हाच दुसऱ्या बालगृहात गेली होती, कुकरैलची तीही. राहिलेल्यांपैकी दोघी गळ्यात पडून रडल्या, एक मुलगा आला नाही, लांबून हात हलवला. बाकीची फाटकापर्यंत आली. चपला घालताना तोंडात तोच शब्द आला, आजीच्या घरचा. मी तो गिळला.

“जाती हूँ,” मी म्हटलं.

“जाइए,” अम्मा म्हणाल्या. मुलांनीही म्हटलं, “जाइए मौशी.” एकाने फाटक लोटलं, पायाच्या बोटांवर उभा राहून कडी लावली. मी बाहेर ई-रिक्षाशी उभी होते. फाटकाच्या पट्ट्यांमधून पाहिलं तर तिथे कुणी थांबलं नव्हतं. आतून ताटं मांडल्याचा आवाज येत होता.